क्रॉस बदलला, 'टक' गेली, पण ५५ ला सीट थरथरायला लागली

पूर्णाकाठचा_गडी (ता. दर्यापूर)
१२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. घरची डिझेल जीप आहे, २००२ ची, लांब चासीची, ओढ फक्त मागच्या चाकांना. बाबांनी नवी घेतली होती. २०१७ ला आणि २०२२ ला पुन्हा पासिंग करून घेतलं आहे, तेव्हा "काढून टाका" म्हणणाऱ्यांनी थेट बाबांशी बोलावं.

त्रास असा. पन्नासपर्यंत गाडी नीट. ५५ ला सीटखालून घूंऽऽ सुरू होतं, ६० ला पूर्ण जोर, ७० च्या पुढे थोडं निवतं पण जात नाही. स्टेअरिंग हलत नाही. थरथर येते ती बुडाखालून आणि पायाखालच्या पत्र्यातून. डॅशबोर्डवरचा गजानन महाराजांचा फोटो किणकिणतो, आणि आतल्या आरशात मागून येणारी एक मोटरसायकल दोन दिसतात. बाबा म्हणतात, "गाडीत बसलो का गिरणीत, समजूनच नाही राह्यलं."

मागची कथा. पोळ्याच्या सुमारास क्लच सोडला की खालून 'टक' व्हायची. रिव्हर्स टाकला की पुन्हा टक. खाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ओढ मागच्या चाकांकडे नेणारी फिरती नळी) हाताने पिळून पाहिला, तर मागच्या क्रॉसमध्ये (शाफ्टाच्या टोकाचा, अधिक-चिन्हासारखा वळता सांधा) खेळ होता आणि त्याच्या कपाच्या कडेला गंजाची लाल भुकटी. दिवाळीनंतर घरीच दोन्ही क्रॉस बदलले. शाफ्ट उतरवला, सर्कलिपा (कप जागेवर धरणाऱ्या कड्या) काढल्या, वाइसमध्ये एका अंगाला लहान सॉकेट अन् दुसऱ्या अंगाला मोठा सॉकेट धरून जुने कप दाबून काढले. टक गेली. आली ही घूं.

मला वाटलं चाकं. अमरावतीला नेऊन चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं, पुढची मागे, मागची पुढे केली. फरक शून्य. मग वाटलं नवा क्रॉसच खराब निघाला. मागचा पुन्हा वेगळा आणून टाकला. तरी शून्य.

आता माझा संशय पाट्यावर (मागच्या स्प्रिंगच्या पट्टीवर) आहे. कापूस न्यायचा म्हणून दिवाळीतच मागे दोन्हीकडे एकेक पाटा वाढवून घेतला, गाडी मागून दोन बोटं वर आली. तेव्हापासूनच हे सुरू झालं असावं. तारखा एकमेकींत गुंतल्यात. पाटा काढू का? निम्मा कापूस अजून घरात पडला आहे, म्हणून विचारतो.


दहाचाकी (मूर्तिजापूर)
१२ जानेवारी, रात्री ११:१५

भाऊ, पाट्याले आत्ता हात नोको लावू. पयले फुकटातलं करून पाह्य.

एक. रिकामा रोड पाहून गाडी साठले ने, क्लच दाब, न्यूट्रल कर, इंजिन आयडलवर येऊ दे. घूं तशीच चालू राह्यली तं इंजिन, क्लच, माउंटिंग सारे सुटले, भानगड गिअरबॉक्सच्या मांगं हाय. घूं बंद झाली तं शाफ्टाले कायले शिव्या द्याच्या? चावी बंद नोको करू बाप्पा. ब्रेकचा बूस्टर जाते अन् स्टेअरिंगबी अडकू शकते.

दोन. गाडी खालून धू. तुमच्या इकडची माती कायी, पावसाळ्यात बसलेली दिवाळीपावतो गोट्यावानी होते. म्या एकडाव नागपूरपावतो गाडी अशीच थरथरवत नेली, रस्ताभर टायरवाल्याले शिव्या. हेल्परनं खाली जाऊन पाह्यलं तं रिमच्या आतून घमेलंभर पोपडा निंघाला. शाफ्टावर बी बसते थो, अन् बसते एकाच आंगाले. मंग काय होईन?


संत्राबागाईत (वरूड)
१३ जानेवारी, सकाळी ६:५०

सेंटर बेअरिंग (दोन तुकड्यांच्या शाफ्टाला मध्ये धरणारं) गेलं असणार. आमच्या पिकअपचं अगदी हेच झालं होतं, रबर फाटून शाफ्ट मध्येच नाचत होता.


पूर्णाकाठचा_गडी
१५ जानेवारी, रात्री ८:२०

वरूडवाले भाऊ, माझा शाफ्ट एकाच तुकड्याचा आहे, गिअरबॉक्सपासून थेट मागच्या एक्सलच्या हौसिंगपर्यंत. सेंटर बेअरिंग नाहीच.

दहाचाकी भाऊ, दोन्ही केलं. आमचा गावरस्ता असा की त्यावर धड गाडीही थरथरते, म्हणून मुद्दाम अमरावती-अकोला हायवेवर गेलो. २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून विक्रम केला होता तोच रस्ता. म्हटलं विक्रमाचा काही उपयोग आपल्यालाही होऊ द्या. साठला न्यूट्रल केलं. घूं जशीच्या तशी. ५० च्या खाली गाडी आली तेव्हाच गेली. दोनदा केलं, दोन्हीदा तेच.

धुवायला मात्र बोअरचं पाणी वापरलं नाही. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्यानं गाडी धुतली की पुढच्या वर्षी पत्रा हातात येतो. टाकीतलं पाणी बकेटीनं आणलं. मागच्या डाव्या रिममधून मुठीएवढं ढेकूळ निघालं, शाफ्टावरूनही खरवडून बरीच माती काढली. गाडी थोडी हलकी वाटते, पण हे मनाचे खेळही असू शकतात. महाराजांचा फोटो अजून किणकिणतो.

आता पाटा काढू?


वर्कशॉप_काका (अचलपूर, आयटीआयमधून निवृत्त)
१५ जानेवारी, रात्री १०:०५

पाटा राहू द्या. तुमच्या पहिल्याच निरोपात उत्तर आहे, तुम्हीच ते पाट्याखाली झाकलंत. "टक गेली. आली ही घूं." म्हणजे गाडी बिघडली ती तुम्ही दुरुस्त केली त्या दिवशी. राग मानू नका, आम्ही सगळ्यांनी हे केलेलं आहे.

आधी हिशोब पाहा. तुमच्या टायरचा घेर धरा २.२ मीटर. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाक मिनिटाला साधारण ४५५ फेऱ्या घेतं, सेकंदाला साडेसात. चाकाचा हादरा इतका सावकाश असतो की तो 'थड थड' असा जवळपास मोजता येतो, आणि पुढच्या चाकाचा असेल तर हाताला लागतो. शाफ्ट चाकाच्या साधारण पाचपट फिरतो असं धरू, म्हणजे सेकंदाला ३८ फेऱ्या. हा हादरा मोजता येत नाही, त्याची घूं होते आणि ती बुडाला लागते. तुम्ही लक्षणं चोख लिहिली होती, पैसे मात्र चाकांवर घातले.

आता क्रॉसची खोड. शाळेत स्प्रिंगचा नियम शिकलो त्या हूकचंच नाव या जॉइंटलाही आहे. शाफ्ट कोनात असला की पुढचं टोक एकसारखं फिरत असलं तरी क्रॉसपलीकडचा शाफ्ट एका फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. मागचा क्रॉस हीच गोष्ट उलटी करतो, म्हणून पिनियनला (मागच्या एक्सलमध्ये शाफ्टाची ओढ घेणाऱ्या दातेरी चाकाला) पुन्हा एकसारखी फेरी मिळते. डवऱ्याच्या जोडीसारखं आहे: एक बैल पुढे झाला की दुसऱ्यानं त्याच क्षणी सावरून घ्यायचं. मात्र यासाठी शाफ्टाच्या दोन्ही टोकांचे कान, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या योकच्या दोन बाजू, एका रेषेत हवेत. ते एका रेषेत ठेवतो स्लिप जॉइंट, म्हणजे दातांचा तो सरकता भाग. तो ओढून वेगळा केला आणि बसवताना एक दात जरी चुकला, तरी सावरणारा बैल वेळेवर सावरत नाही. क्रॉस कितीही नवे टाका.

खरं सांगा, क्रॉस बदलताना स्लिप ओढला होता का?

शाफ्ट पुन्हा उतरवाल तेव्हा हे पाहा. स्लिपच्या दोन्ही तुकड्यांवर ठोकलेले बाण असतात, ग्रीस आणि रंगाखाली गेलेले असतील. क्रॉस चारही दिशांना हाताच्या बोटांनी हलला पाहिजे. एखाद्या दिशेला जड लागत असेल तर कप सर्कलिपवर आवळून बसलाय, योकच्या कानावर बाहेरून हातोडीनं एक बेताचा ठोका द्या, सुटेल. ठोक्यानंही सुटला नाही तर कप काढून पाहा, सुईबेअरिंगमधली एखादी सुई आडवी पडलेली असते. कप बसवताना ग्रीसनं सुया चिकटवून घेतल्या नाहीत की हे होतं. नळीला दगड लागून पोचा पडलाय का तेही पाहा, आणि बॅलन्ससाठी टाका मारलेल्या लहान पट्ट्या जागेवर आहेत का.

फ्लँजच्या (शाफ्ट बोल्टांनी जोडायच्या तबकडीच्या) जोडावरही, सोडण्याआधी, खूण करा. आणि एक गोष्ट ठळक अक्षरात वाचा: शाफ्ट उतरला की गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नाही. इंजिनचा आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक अडवायला दगड) लावा. मागून उचलायची तर एक्सलखाली लोखंडी घोड्या. नुसत्या जॅकवर खाली जायचं नाही. विटांवरही नाही, वीट भार पडला की सांगून फुटत नाही.


पूर्णाकाठचा_गडी
१८ जानेवारी, दुपारी ३:३०

सर, हो. ओढला होता. ग्रीस भरायला म्हणून पूर्ण बाहेर काढला, पुसला, भरला, आणि "बसला" म्हणून बसवला. खूण केली नव्हती. दुसऱ्यांदा क्रॉस बदलला तेव्हा स्लिपला हात लावला नाही, म्हणजे चूक होती तशीच गाडीत परत गेली.

आज सकाळी शाफ्ट उतरवला. आता हसा. तुमचं ठळक अक्षरातलं वाचलं होतं. ओट पण लावले, पण फक्त पुढच्या अंगानं, कारण अंगणाचा उतार मला तिकडे वाटत होता. हँडब्रेकची केबल ढिली आहे ती आहेच. गिअरमध्ये गाडी होती म्हणून मनात कुठेतरी धीर होता. शेवटचा बोल्ट सुटला, शाफ्टाचं टोक घेऊन मी बाजूला सरकलो, आणि जीप आवाज न करता मागे निघाली. बाबा ओट्यावरून ओरडेपर्यंत ती तुरीच्या पेंढ्यांत जाऊन बसली होती. पेंढ्या होत्या म्हणून बरं, मागे गोठ्याची भिंत आहे. मी चाकामागे नव्हतो. दगड आता चारही बाजूंनी आहेत अन् केबल आवळायला काढली आहे.

स्लिपवर डिझेल टाकून तारेच्या ब्रशनं घासलं. दहा मिनिटांनी रंगाखालून नखाएवढा बाण दिसला. दुसरा तुकडा फिरवत फिरवत पाहिला, तिथंही बाण, पण या बाणासमोर नाही. बाजूला. दात मोजले, सोळा. चूक एका दाताची. नुसत्या डोळ्यांना कान जवळपास सरळच वाटत होते, त्यामुळे दिवाळीला कळलं नाही ते बरोबरच. खात्रीसाठी शाफ्ट खाली ठेवून पुढचे कान मोबाईलच्या लेव्हलनं अगदी आडवे केले अन् मग मोबाईल मागच्या कानांवर ठेवला: २२ अंश. ३६० भागिले १६ म्हणजे साडेबावीस. कागदावर करून पाहिल्यावर एकटाच हसलो.

पुढचा क्रॉसही एका दिशेनं जड होता. कानावर ठोका दिला. पहिल्यानं काही नाही, दुसऱ्यानं 'टिच' असा बारीक आवाज आला आणि क्रॉस स्वतःच्या वजनानं खाली पडला. तो आवाज लक्षात राहील. बाणासमोर बाण आणून स्लिप बसवला, ग्रीस गन मारली ती क्रॉसच्या चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत. बाणांवर बायकोची नेलपॉलिश लावून ठेवली आहे, लाल. विचारून घेतली.

साठ: फोटो गप्प. आरशात मोटरसायकल एकच. पंचावन्न ते पासष्ट काहीच नाही.

पण ७२ ते ८० मध्ये बारीक घूं आहे. आधीच्या मानाने रुपयातले दोन आणे. आता तरी पाटा?


वर्कशॉप_काका
१८ जानेवारी, सायं. ६:४०

तुमचं त्या पाट्याशी काय वैर आहे? मोजा आणि सोडा. गाडी चाकांवर उभी, सपाट जागेवर, रिकामी. गिअरबॉक्सच्या फ्लँजच्या उभ्या अंगाला मोबाईल टेकवून कोन घ्या, तसाच पिनियनच्या फ्लँजचा घ्या. दोन्ही एकाच दिशेला झुकलेले असावेत आणि दोघांत एखाद्या अंशाच्या आत फरक असावा. जॅकवर मोजू नका, एक्सल लोंबकळला की सगळे आकडे खोटे.

बॅलन्सच्या पट्ट्या पाहिल्या का? त्याबद्दल काही लिहिलं नाहीत.


संत्राबागाईत
१८ जानेवारी, रात्री ९:००

सेंटर बेअरिंगवर मी चुकलो, पण हे माझं अनुभवाचं आहे. पाइपाला लावतो ती होज क्लिप आणा, शाफ्टाच्या घेरात बसेल अशी. मागच्या टोकाजवळ शाफ्टाचे खडूनं चार भाग करा, १, २, ३, ४. क्लिपचं स्क्रूचं डोकं १ वर आणून घट्ट करा अन् चक्कर मारा. मग २ वर, मग ३, मग ४. एका जागी घूं वाढेल, समोरच्या जागी कमी होईल. कमी होते ती जागा आपली. तिथं एक क्लिप कमी पडली तर शेजारी दुसरी लावा. दोन जास्त झाल्या तर दोन्हींची डोकी एकमेकांपासून थोडी दूर सरकवा, वजन आपोआप कमी धरलं जातं. क्लिपची लोंबणारी शेपटी कापून टाका. आमच्या पिकअपला दोन संत्र्यांचे बार निघाले क्लिपवर.


दहाचाकी
१८ जानेवारी, रात्री ९:२५

अन् क्लिप लावून गाडी घोड्यावर चढवून, चाकं फिरवून, खाली डोकं घालून नोको पाह्यजा कोणी. रोडवरच पाहा.


पूर्णाकाठचा_गडी
२६ जानेवारी, सायं. ५:१०

उशीर झाला, मधले दिवस कापूस काट्यावर नेण्यात गेले. झेंडावंदन झाल्यावर समाजमंदिरासमोरचं सिमेंट रिकामं सापडलं, तिथं गाडी लावली. गावात सपाट म्हणावी अशी तेवढीच जागा. पोरांची गर्दी जमली, प्रत्येकाला मोबाईलमधला आकडा पाहायचा होता. गिअरबॉक्स ४.१, पिनियन ३.४, दोन्ही एकाच दिशेला. फरक ०.७. पाटा निर्दोष सुटला. त्याच्या नावानं महिनाभर बोटं मोडली, तो बिचारा मुकाट्यानं कापूस वाहत होता.

सर, पट्ट्यांचं तुम्ही विचारलं म्हणून पुन्हा खाली गेलो. पुढच्या टोकाला एक पट्टी आहे. मागच्या टोकाला पट्टी नाही, पण बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा चौकोनी डाग आहे, रंग नसलेला, आणि त्याच्या दोन कडांना टाक्याचे खडबडीत ठिपके. कधी गळली कोण जाणे. मी वाइसमध्ये धरून हातोडा मारत होतो तेव्हाच पडली असेल तर गोठ्यासमोरच्या मातीत सापडेल. चुंबक फिरवला, दोन खिळे अन् जुनी सर्कलिप निघाली.

डाग दिसल्यावर खडूचे चार आकडे न टाकता थेट त्या डागावरच क्लिप लावायचा मोह झाला. पण म्हटलं, पाट्यानं एकदा फसवलंय. चारही जागा रीतसर पाहिल्या, खडूचा १ डागापासून लांब धरून. १ ला घूं वाढली, २ ला तशीच, ३ ला बरीच कमी, ४ ला पुन्हा तशीच. डाग ३ आणि ४ च्या मध्ये, ३ कडे जास्त. क्लिप डागावर सरकवली तेव्हा ८० पर्यंत काहीच उरलं नाही. एकाच क्लिपमध्ये काम झालं.


वर्कशॉप_काका
२६ जानेवारी, रात्री ८:००

छान. क्लिप कापसाच्या सीझनपुरती. मग शाफ्ट खांद्यावर घेऊन अकोल्याला किंवा अमरावतीला जिथं शाफ्ट बॅलन्सिंगचं मशीन असेल तिथं द्या, ते नवी पट्टी टाका मारून देतील. नेताना क्लिप काढा आणि स्लिपचे दोन तुकडे वेगळे होऊ देऊ नका, दोरीनं बांधा. तोवर दर आठवड्याला क्लिपच्या स्क्रूला पेचकस लावून पाहत जा.


पूर्णाकाठचा_गडी
२ फेब्रुवारी, रात्री ९:१५

पाहिलं. स्क्रू पाव फेरी आवळला गेला, बाकी जागेवर. बाबा परवा जीप घेऊन शेगावला जाऊन आले. परत आल्यावर गाडीबद्दल एक शब्द नाही. रात्री जेवताना म्हणाले, "थो फोटो ढिला झाला होता नं, थ्याले म्या फेविक्विक लावलं. आता वाजून नाही राह्यला."